कोडावर अँटिऑक्सिडंट गोळ्या : लाइट चालू असताना घ्यायच्या, की लाइटऐवजी?

कर्वेनगरची_आई :
नमस्कार मंडळी. माझी मुलगी नववीत आहे, तिला कोडाचं निदान झालंय. सुरुवात दोन्ही गुडघ्यांवर, मग कोपरं, आणि आता डाव्या पापणीवर आणि ओठाच्या कडेला. डॉक्टरांनी चेहऱ्याला टॅक्रोलिमस मलम, आठवड्यातून दोनदा एनबी-यूव्हीबी लाइट (त्वचेवर ठराविक अतिनील किरण सोडतात तो) आणि एक अँटिऑक्सिडंट गोळी लिहून दिलीये. थायरॉइडची टेस्ट पण करून घेतली, नॉर्मल आहे.

आता घरातली मोठी माणसं म्हणतायत की एवढ्याशा पोरीला लाइट कशाला, उद्या कॅन्सर झाला म्हणजे, त्यापेक्षा नुसती गोळी चालू ठेव, ती काय व्हिटॅमिनच आहे, त्याने अपाय नाही. नणंदबाईंनी व्हॉट्सअॅपवर यादी पाठवलीये त्यात जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क), सेलेनियम, झिंक, अल्फा लिपोइक, ग्लुटाथिऑन सगळं एकत्र घ्यायला सांगितलंय. शिवाय लिंबू, दही, चिंच, मासे बंद. पोरगी आधीच गप्प गप्प असते, त्यात तिच्या ताटातलं एकेक काढून घ्यायचं म्हणजे माझ्याच्याने होत नाही.

कुणी अँटिऑक्सिडंट घेतलेत का? नुसत्या गोळ्यांनी रंग परत येतो का? जरा नीट समजावून सांगाल का कुणी.

शनिवारपेठकर :
ताई, मला कॉलेजात असल्यापासून कोड आहे, आता पन्नाशी जवळ आलीये. लाइट सोडू नका एवढंच कळकळीने सांगतो. माझ्या तरुणपणी सोरालेनच्या, म्हणजे त्वचेला उन्हाचा परिणाम जास्त व्हावा म्हणून देतात त्या, गोळ्या खाऊन गच्चीवर उन्हात बसायचं असे, मळमळायचं, डोळ्यांना काळा चष्मा दिवसभर. आता ३११ नॅनोमीटरचा एनबी-यूव्हीबी लाइट मिळतो, त्याला आधी गोळी खावी लागत नाही. माझा चेहरा आणि मान जवळपास भरली. बोटांची टोकं मात्र भरली नाहीत, ती कुणाचीच सहसा पटकन भरत नाहीत. गोळ्या पण घेतल्या अधूनमधून, पण त्यांनी किती फरक पडला ते मला सांगता येणार नाही कारण लाइट बरोबरच चालू होता.

डोंगरवाट :
माझा अनुभव वेगळा. माझ्या भावाचा कपाळावरचा डाग फक्त व्हिटॅमिन ई आणि सीच्या गोळ्यांनी गेला. लाइट वगैरे काही नाही. त्यामुळे आधी साधा उपाय करून बघायला काय हरकत आहे, सगळं काही मशीननेच व्हायला पाहिजे असं नाही ना.

पेशीवाली :
कर्वेनगरची_आई, मी बायोकेमिस्ट्री शिकवते आणि आमच्या घरात कोड आहे त्यामुळे या विषयाचं वाचन मनापासून केलंय. डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मोठं लिहिणार आहे, सावकाश वाचा.

आधी हे की अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशीतली तिखट रसायनं निस्तरणाऱ्या पदार्थांची, कल्पना हवेतली नाहीये. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलॅनोसाइट. मेलॅनिन म्हणजे तो रंग तयार करण्याचं कामच असं आहे की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट रसायनं तयार होतात आणि ती निस्तरायला पेशीत कॅटलेज नावाचं एन्झाइम असतं. १९९१ मधे असं दाखवलं गेलं की कोड असलेल्यांच्या त्वचेत कॅटलेज कमी आहे, आणि पुढे पेरॉक्साइड साठलेलं पण सापडलं. असा ताण पडलेली पेशी धोक्याचे सिग्नल बाहेर सोडते, ते सिग्नल रोगप्रतिकार यंत्रणा उचलते आणि मग सीडी८ टी पेशी येऊन त्या मेलॅनोसाइटलाच मारतात. म्हणजे ताण ही सुरुवातीची ठिणगी, पण पुढे डाग पसरवत नेतात त्या टी पेशी, आणि डाग पुन्हा भरायचा तर तिथे नवीन मेलॅनोसाइट यायला लागतात. ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि अँटिऑक्सिडंट मुख्यतः पहिल्या गोष्टीवर काम करतं, इथेच सगळा घोळ होतो.

नवीन पेशी येतात कुठून तर बऱ्याचशा केसांच्या मुळाशी जो राखीव साठा असतो तिथून. म्हणून डाग भरायला लागला की आधी केसांभोवती बारीक तपकिरी टिपके दिसतात. तळहात, बोटांची टोकं, ओठ इथे केस नाहीत म्हणून तिथे कठीण, शनिवारपेठकर म्हणाले ते त्यामुळेच. आणि डागावरचा केस पण पांढरा झाला असेल तर तिथला साठा संपत आलाय असं धरतात. त्या साठ्यातल्या पेशींना जागं करून वर आणण्याचं काम यूव्हीबी करतो, शिवाय तो टी पेशींना थोडं आवरतो. हे काम गोळी करते असा भक्कम पुरावा नाही.

आता प्रयोग. रोममधे २००७ साली अल्फा लिपोइक अॅसिड, व्हिटॅमिन सी, ई आणि काही फॅटी अॅसिड अशी गोळी दिली, लाइट सुरू करायच्या आधी २ महिने आणि मग लाइटबरोबर ६ महिने. ज्यांनी खरी गोळी घेतली त्यांच्यातल्या ४७ टक्के लोकांचा डाग तीन चतुर्थांशाहून जास्त भरला, आणि ज्यांना खोटी गोळी दिली (लाइट दोघांनाही) त्यांच्यात १८ टक्के. ऐकायला फार छान, पण माणसं एकूण ३५ होती. त्याच वर्षी अॅमस्टरडॅममधे ५० जणांवर पॉलिपोडियम ल्युकोटोमोस म्हणजे मध्य अमेरिकेतल्या एका नेच्याचा अर्क, २५० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा, लाइटबरोबरच दिला. डोकं आणि मान या भागात ४४ टक्के रंग आला, खोट्या गोळीत २७ टक्के, आणि हा फरक आकडेशास्त्राच्या हिशोबाने जेमतेम काठावर राहिला. फ्रान्समधे २०२१ साली ५० जणांवर सुपरऑक्साइड डिसम्युटेज नावाचं अँटिऑक्सिडंट एन्झाइम, २४ आठवडे, तेही लाइटसोबत. तिथे सुधारणा साधारण २० टक्के विरुद्ध ९ टक्के.

बघा, तिन्हीकडे लाइट आहे. जे काही चांगलं दिसलं ते लाइटला मदत म्हणून. लाइट काढून टाकून हे आकडे वापरताच येत नाहीत.

लाइटशिवाय ज्यावर काम झालंय ते जिन्को. आपल्याच चंडीगडच्या पीजीआय हॉस्पिटलमधे, २००३ साली छापून आलं, ५२ पेशंट, हळू पसरणारं कोड, ४० मिग्रॅ दिवसातून ३ वेळा. त्यात पसरणं थांबलेल्यांची संख्या जिन्को घेणाऱ्यांत स्पष्टपणे जास्त होती, काहींना रंग पण आला. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. पण तो एकच छोटा प्रयोग आहे.

आणि सगळ्यात मोठी धडा देणारी गोष्ट म्हणजे कॅटलेज क्रीम. त्वचेत कॅटलेज कमी आहे ना, मग तेच बाहेरून लावू, असा सरळ विचार होता, स्यूडोकॅटलेज नावाची क्रीम निघाली, सुरुवातीचे रिझल्ट अतिशय उत्साहाचे. २००९ मधे नीट तुलना केली, दोन्ही गटांना लाइट, एकाला खरी क्रीम, एकाला खोटी. फरकच नाही. सगळं श्रेय लाइटचं निघालं.

डोंगरवाट, तुमच्या भावाला बरं वाटलं याचा मनापासून आनंद आहे. पण कपाळावरचा डाग कोडाचाच होता हे तपासलं होतं का, आणि कपाळावर रोज ऊन पडतं, कोडाचे डाग काहींचे आपोआपही थोडे भरतात. एका माणसावरून गोळीला श्रेय देता येत नाही आणि तेवढ्यावर त्या मुलीचा लाइट बंद करायला सांगणं मला योग्य वाटत नाही.

डोंगरवाट :
वुड्स लॅम्पने (डाग तपासायचा अतिनील दिवा) बघून कोडच सांगितलं होतं. तो फिल्डवर काम करतो, ऊन भरपूर, हे मात्र खरं. लाइट बंद करा असं माझं म्हणणं नव्हतं, आधी साधं करून बघा एवढंच. पण तुमचा मुद्दा पटला की पसरत असताना वेळ जाऊ देणं वेगळं.

पेशीवाली :
हो, तोच मुद्दा. पापणी, ओठ, गुडघे असं एकामागोमाग येतंय म्हणजे ते अजून चालू आहे. या काळात थांबवणं सगळ्यात महत्त्वाचं. वेगाने पसरत असेल तर काही डॉक्टर आठवड्यात लागोपाठ २ दिवस स्टिरॉइडचा छोटा डोस देतात, ओरल मिनी पल्स म्हणतात, ही पद्धत दिल्लीच्या एम्समधून १९९३ मधे मांडली गेली आणि आता जगभर वापरतात. मुलीला ते हवंय की नाही ते डॉक्टर ठरवतील, स्वतःहून नाही.

कर्वेनगरची_आई :
किती नीट सांगितलंत, दोनदा वाचलं. सासूबाईंनाही वाचून दाखवणार आहे. पण कॅन्सरचं काय सांगू त्यांना? आणि त्या यादीतलं कुठलं घ्यायचं?

पेशीवाली :
कॅन्सरची भीती सोरालेन आणि यूव्हीए या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांच्या जुन्या उपचारावरून आलीये, आणि तीही मुख्यतः गोऱ्या कातडीच्या सोरायसिस पेशंटवरून. ३११ नॅनोमीटरचा वेगळा आहे. कोरियात २०२० साली ६० हजारांहून जास्त कोड पेशंटच्या नोंदी तपासल्या, त्यात एनबी-यूव्हीबीने मेलॅनोमा किंवा इतर त्वचेचे कॅन्सर वाढलेले दिसले नाहीत. लाइटच्या २०० किंवा त्याहून जास्त बैठकी झालेल्यांत उन्हाने येणारे खरखरीत चट्टे जास्त दिसले, म्हणून बैठकींचा हिशोब ठेवायचा आणि डॉक्टरांकडून त्वचा तपासून घ्यायची. सासूबाईंना हे असंच सांगा, त्यांची काळजी चुकीची नाहीये, फक्त जुन्या उपचाराची आहे.

यादीचं : सगळं एकत्र अजिबात नको. मी वर सांगितलेले प्रयोग मुख्यतः मोठ्या माणसांवरचे, नववीतल्या मुलीला किती द्यायचं ते त्यावरून काढता येत नाही. डॉक्टरांनी जी एक गोळी दिलीये तेवढीच. त्या गोळीत काय काय आहे ते पाकिटावर वाचा, बऱ्याचदा झिंक सेलेनियम त्यातच असतं आणि वरून वेगळं घेतलं की डोस दुप्पट होतो. सेलेनियम जास्त झालं तर केस गळतात, नखं खराब होतात. आणि बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) आहे का बघा. बायोटिनमुळे थायरॉइडची टेस्ट चुकू शकते, काही लॅबच्या पद्धतीत टीएसएच खोटं कमी दिसतं. कोडाबरोबर थायरॉइडचा त्रास बऱ्याच जणांना असतो त्यामुळे ती टेस्ट पुन्हा पुन्हा होणारच, तर टेस्टच्या आधी निदान २ दिवस ते बंद ठेवायचं आणि लॅबला सांगायचं.

प्राधिकरणवाला :
जिन्कोबद्दल एक. माझ्या सासऱ्यांना अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना पण हातावर डाग आहेत. कुणीतरी जिन्को सुचवली होती, आमच्या फार्मासिस्टने स्वतःहून थांबवलं आणि आधी कार्डिओलॉजिस्टला फोन करा म्हणाला. त्यांनी नको म्हणून स्पष्ट सांगितलं.

पेशीवाली :
अगदी बरोबर केलं त्या फार्मासिस्टने. जिन्कोने रक्तस्रावाची शक्यता वाढते, अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉर्फरिन यांच्याबरोबर नको. फिट्सचा त्रास असेल तर नको. ऑपरेशन ठरलं असेल, दाताचं सुद्धा, तर आधी सांगायचं. व्हिटॅमिनने अपाय नाही असं जे आपण म्हणतो ना ते खरं नाहीये. सिगरेट ओढणाऱ्यांना बीटा कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर वाढला, हे फिनलंडच्या १९९४ च्या मोठ्या प्रयोगात दिसलं. व्हिटॅमिन ई रोज ४०० युनिट वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेट कॅन्सर १७ टक्के जास्त, ते अमेरिकेत २०११ मधे. कोडासाठी काही महिने, ठरलेल्या डोसात, देखरेखीखाली घेणं वेगळं आणि मनाने वर्षानुवर्षं खाणं वेगळं.

हडपसर_गाडीतळ :
ग्लुटाथिऑनबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मैत्रिणीला पार्लरमधे सांगितलं की ग्लुटाथिऑनची ड्रिप घे, अँटिऑक्सिडंट आहे, कोडाला पण चालतं. तिने विचारलंय मला.

पेशीवाली :
तिला आजच सांगा नको म्हणून. ग्लुटाथिऑन अँटिऑक्सिडंट आहेच, पण ते मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, त्यासाठीच तर गोरं दिसायला म्हणून ते विकतात. आपल्याला हवंय मेलॅनिन जास्त. शिरेतून काहीही टोचून घेणं, तेही दवाखान्याबाहेर, यात स्वतंत्र धोका आहे, अॅलर्जी होऊन जिवावर बेतू शकतं.

वैद्य_मावळप्रांत :
बावची या औषधी वनस्पतीचा उल्लेख यायला हवा. आपल्याकडे शतकानुशतकं वापर आहे आणि सोरालेन हे रसायन बावचीतच असतं, त्यामुळे आधुनिक प्रकाशोपचाराचा धागा तिथपर्यंत जातो. मी स्वतः वापरतो. पण बाजारातून बावचीचं तेल आणून लावायचं आणि उन्हात बसायचं हे कृपा करून करू नका. उन्हात त्याने भाजतं, फोड येतात, आणि फोडाच्या जागी नवीन डाग उमटू शकतो. पोटात घेतली तर यकृताला त्रास झालेल्या केसेस आहेत. एनबी-यूव्हीबी चालू असताना तर बावची अजिबात नको, दोन्ही मिळून भाजण्याचा धोका वाढतो. माझ्याकडे लाइट चालू असलेला पेशंट आला तर मी त्याच्या त्वचारोग डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही देत नाही.

खाण्याचं म्हणाल तर आमच्या शास्त्रात विरुद्ध अन्न सांगितलंय, दूध आणि मासे वगैरे, मी ते पाळायला सांगतो पण वाढत्या मुलीचं दही, लिंबू, फळं सगळं तोडून टाकणं मला मान्य नाही. तिचं पोषण महत्त्वाचं.

पेशीवाली :
वैद्यराज, फार आभार, हे तुमच्याकडून आलं ते बरं झालं. दूध माशाने कोड होतं असा पुरावा मला आढळलेला नाही, तिथे आपलं मत वेगळं राहू दे. पण लिंबू दह्याबद्दल आपण एकच बोलतोय. लिंबाने कोड वाढतं याला आधार नाही. बिचाऱ्या पोरीला वरणभातावर लिंबू पिळू द्या ताई.

तुळशीबागवाली :
कोणी टिकलीचं बोललं नाही म्हणून लिहिते. माझ्या आत्याला कपाळावर टिकलीच्याच जागी गोल पांढरा डाग आला, सगळे कोड म्हणाले, ती वर्षभर अँटिऑक्सिडंट खात राहिली आणि टिकली रोज तीच. शेवटी एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं टिकली कुठली लावता. टिकली बंद करून मलम दिलं तेव्हा तो डाग वाढायचा थांबला. आता ती कुंकू लावते.

पेशीवाली :
फार मोलाचं लिहिलंत. टिकलीच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्युटाइल फिनॉल नावाचं रसायन असू शकतं, ते मेलॅनोसाइटच्या आत जाऊन मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमने बदलतं आणि पेशीला आतून जाळतं. म्हणजे वर सांगितला तोच ऑक्सिडेशनचा ताण, पण बाहेरून आलेला. रबरी चपलेचे पट्टे, काही केसांचे डाय यांनीही होतं. जपानमधे रोडोडेंड्रॉल असलेल्या गोरेपणाच्या क्रीम २०१३ मधे बाजारातून मागे घ्याव्या लागल्या, हजारो बायकांना असे डाग आले होते. रसायन रोज लागत असेल तर गोळीने काय होणार, आधी ते थांबवायला हवं. कर्वेनगरची_आई, मुलीच्या गुडघे कोपरांवर घासलं जातंय का तेही बघा, खेळताना खरचटलं किंवा कपडा रोज घट्ट घासला तर तिथे नवीन डाग येतो. नी पॅड घट्ट असेल तर सैल घ्या.

कर्वेनगरची_आई :
ती कबड्डी खेळते, नी पॅड आहेच आणि घट्ट आहे! खेळ सोडायला लावायचा नाहीये मला, तेवढंच तिचं हसणं उरलंय. मोठ्या मापाचं आणते. शाळेत तिच्या बाकावर बसायला एका मुलीच्या आईने नको म्हटलं, तेव्हापासून ती लांब बाह्यांचा शर्ट घालून जाते. एप्रिलच्या उन्हात.

शनिवारपेठकर :
हे वाचून पोटात तुटलं. ताई, वर्गशिक्षकांना भेटून सरळ सांगा की हे संसर्गजन्य नाही, स्पर्शाने, पाण्याने, डब्याने कशानेही होत नाही, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा. आणि पुण्यात श्वेता असोसिएशन आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली, त्या स्वतः कोड घेऊन उजळ माथ्याने वावरतात. तिथे मुलीला घेऊन जा. तिला तिच्यासारखी माणसं दिसू देत. मला तिच्या वयात कुणी दिसलं नव्हतं.

प्राधिकरणवाला :
ताई, खर्चाचं बघायचं असेल तर ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे चौकशी करा. आणि पेशीवाली, ते नवीन मलम आलंय म्हणतात, त्याचं काय?

पेशीवाली :
रुक्सोलिटिनिब, १.५ टक्के क्रीम. अमेरिकेत जुलै २०२२ मधे मान्यता मिळाली, १२ वर्षांपुढे. टी पेशींचा सिग्नल जिथून जातो ती जागा ते अडवतं. २४ आठवड्यांत साधारण ३० टक्के लोकांचा चेहऱ्यावरचा डाग तीन चतुर्थांश भरला, साध्या क्रीमला १० टक्क्यांच्या आसपास. मी हे सांगते कारण इथे दिसतं की टी पेशींवर नेम धरला की लाइटशिवायही हलतं, तसं अँटिऑक्सिडंटचं अजून एकाही मोठ्या प्रयोगात दिसलेलं नाही. मुलीला टॅक्रोलिमस दिलंय ते पण रोगप्रतिकारावरच काम करतं, तेव्हा तुमचा उपचार योग्य दिशेने चाललाय.

कर्वेनगरची_आई :
शेवटचं विचारते. लाइट किती दिवस द्यायचा, कधी समजायचं की उपयोग होत नाहीये? आणि पापणीचं काय, चष्मा घातला की पापणी झाकली जाते.

पेशीवाली :
घाई करू नका. जाणकारांच्या गटाने सुचवलंय की उपयोग नाही असं म्हणायच्या आधी ७२ बैठकी तरी व्हाव्यात, आठवड्यातून दोनदा म्हणजे आठ महिन्यांच्या वर जातं. मधे पावसाळ्यात बुडतात त्या धरून अजून जास्त. दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच उजेडात फोटो काढा, डोळ्याला फरक रोज कळत नाही. गोळी पण तेवढ्याच काळासाठी, आणि दर भेटीत विचारा अजून चालू ठेवायची का.

पापणीसाठी बरेच डॉक्टर डोळे घट्ट मिटून चष्म्याशिवाय लाइट देतात कारण यूव्हीबी मिटलेल्या पापणीच्या आरपार जात नाही, पण पोरगी डोळे न उघडता उभी राहील याची खात्री असेल तरच, आणि तंत्रज्ञाने परस्पर नाही करायचं, डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवं. पुढच्या भेटीत हाच प्रश्न पहिला विचारा. नी पॅडचं पण सांगा त्यांना.

कर्वेनगरची_आई :
मंगळवारी अपॉइंटमेंट आहे. धागा प्रिंट करून नेते, काय म्हणाले ते इथे लिहीन.